हयातीचा दाखला
सदर : परतलेली पाखरे



गेल्या अंकानंतर आलेल्या पत्रांत तीन पत्रे एकाच प्रश्नाची निघाली. एक वडोदऱ्याहून, एक ग्वाल्हेरीहून आणि एक बेळगावहून. तिन्ही घरांतील कर्त्या माणसांनी उमेदीची वर्षे आंतरराष्ट्रीय संघटनांच्या सेवेत घालवली; कोणी अन्न व शेती संघटनेत, कोणी युनिसेफमध्ये, तर कोणी माझ्याप्रमाणे जागतिक आरोग्य संघटनेत. प्रश्न असा, की घरात सरकारी किंवा भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतनही येते, त्यासाठी दरवर्षी बँकेत अंगठा उमटवून ‘जीवन प्रमाण’ दिलेच जाते. मग परदेशातून येणारा हा आणखी एक कागद कशासाठी, आणि तो भरला नाही तर बिघडते काय?

उत्तर एका वाक्यात देता येईल : बिघडते, आणि फार बिघडते. परंतु असे उत्तर माणूस वाचतो आणि विसरतो. म्हणून आज एक घडलेली हकीकत सांगतो. ज्यांची ती आहे त्या वहिनींनी सांगण्यास संमती दिली आहे. “नाव तेवढं घालू नका,” एवढेच त्या म्हणाल्या.

देवासची हकीकत

देवासचे माझे स्नेही आणि मी १९७४ साली पाटण्यास भेटलो. देवीच्या रोगाचे निर्मूलन करण्याची मोहीम तेव्हा ऐन भरात होती. त्या एका वर्षात आपल्या देशात १ लाख ८८ हजार रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील मोठा वाटा बिहारचा होता. स्नेही जीपगाड्यांची व्यवस्था पाहत. मी हिशेब लिही. शोधपथके गावोगाव, घरोघर फिरत. हातात देवी आलेल्या बालकाचे चित्र असे आणि ते दाखवून ‘असे कोणी पाहिले काय?’ हा प्रश्न विचारला जाई. एकही घर वगळायचे नाही, असा दंडक होता. सायंकाळी गाड्या परतल्या की माझे स्नेही पथकातील मुलांना आधी विचारीत, “कुलूपबंद घरं किती?” आकडा ऐकला की म्हणत, “बंद दार म्हणजे रिकामं घर नव्हे. उद्या पुन्हा जा.” आजारी मूल लपवून ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी होती, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते.

१९७५ च्या मे महिन्यात देशातील अखेरची रुग्ण आसामात आढळली. १९७७ च्या एप्रिलात आंतरराष्ट्रीय आयोगाने भारत देवीमुक्त झाल्याचे मान्य केले आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य सभेने साऱ्या जगाबद्दल तेच जाहीर केले. पुढे स्नेही पश्चिम आफ्रिकेत गेले. मी काँगोतील ब्राझाव्हिल येथे आणि तेथून जिनेव्हास. साठी उलटल्यावर दोघेही माळव्यात परतलो. त्यांनी देवासला लहानसे घर बांधले. मी इंदुरात रामबागेतील वडिलार्जित घरी आलो.

तीन वर्षांमागे ते गेले. नंतरची लिखापढी मीच केली. मृत्यूचा दाखला, विवाहाचा दाखला, बँकेचा तपशील असे सर्व कागद न्यूयॉर्कला पाठवले. सेवा सोडतेवेळी विवाह झालेला असेल आणि तो मृत्यूपर्यंत टिकला असेल, तर मागे राहिलेल्या जोडीदारास सर्वसाधारणपणे निम्मे निवृत्तिवेतन मिळते. त्याप्रमाणे वहिनींना ते सुरू झाले. एक कर्तव्य पार पडले, अशा समाधानात मी इंदुरास परतलो. माझी चूक झाली ती येथेच.

गेल्या वर्षी चैत्रात सहज म्हणून देवासला गेलो. वहिनींनी नेहमीप्रमाणे पन्हे पुढे केले, परंतु चेहरा उतरलेला होता आणि पायांवर सूज दिसत होती. रक्तदाबाची गोळी चालू आहे ना, असे विचारले. “घेते की,” त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून, “एक दिवसाआड घेते. तेवढीच पुरवठ्यास येते.”

खोदून विचारल्यावर उलगडा झाला. चार महिन्यांपासून परदेशातून पैसे येणे बंद झाले होते. वहिनींनी काही वर्षे एका खाजगी शाळेत शिकवले. त्यापोटी भविष्यनिर्वाह निधीकडून दरमहा दीड हजारांच्या आतले वेतन मिळते. साठवलेली रक्कम यजमानांच्या अखेरच्या आजारात संपली होती. मुलगा कॅनडात, त्याच्यामागे त्याचे व्याप, म्हणून त्यास कळवले नव्हते. मला का सांगितले नाही, असे विचारता त्या म्हणाल्या, “मला वाटलं, वर्षश्राद्ध झालं, तेवढीच मुदत असेल. आणि भाऊजी, तुम्ही आधीच इतकं केलंत. पुन्हा कोणत्या तोंडानं सांगायचं?”

मी कागद पाहू मागितले. देवघराच्या कपाटात, जुन्या पंचांगाखाली, मागल्या वर्षी आलेला लिफाफा होता. फोडलेला, वाचलेला आणि नीट घडी घालून ठेवलेला. वहिनी म्हणाल्या, “हयात असल्याचं लिहून द्यायचं आहे, एवढं कळलं. पण अंगठा तर मी बँकेत दिला होता. यंत्रानं ‘झालं’ म्हणून सांगितलं होतं.”

त्यांचा समज चुकीचा होता, परंतु वेडगळ मुळीच नव्हता. एक माणूस, एक हयात. ती एकदा सिद्ध केल्यावर सर्वांना कळली असेल, असे कोणासही वाटेल. मी तो कागद हाती घेतला आणि मनातून ओशाळलो. बारीक अक्षरात, लांबलचक इंग्रजी वाक्यांत, अमुक मुदतीत सही होऊन परत न आल्यास लाभ स्थगित होईल, असे त्यात म्हटले होते. अशी वाक्ये लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. ती कोणत्या कपाटात, कोणत्या पंचांगाखाली जाऊन पडतात, याचा विचार मी टेबलाशी बसून कधी केला नव्हता.

आम्ही निधीकडे लिहिले, त्यांच्या सांगण्याप्रमाणे वहिनींच्या सहीचा दाखला पाठवला, आणि सुमारे दोन महिन्यांनी वेतन पूर्ववत सुरू झाले. थकलेली रक्कमही मिळाली. पैसे भरून आले. एक दिवसाआड घेतलेल्या गोळ्यांनी त्या चार महिन्यांत हृदयावर व मूत्रपिंडांवर काय भार टाकला असेल, त्याची भरपाई मात्र कोणताही निधी करीत नाही.

हा दाखला म्हणजे काय

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपणांपैकी बहुतेकांचे निवृत्तिवेतन संयुक्त राष्ट्रांच्या संयुक्त कर्मचारी निवृत्तिवेतन निधीतून येते. हा निधी १९४९ च्या जानेवारीत सुरू झाला. जगभर ऐंशी हजारांहून अधिक माणसांना तो वेतन पोहोचवतो. त्यांतील कोण हयात आहे आणि कोण नाही, हे कळण्याचा त्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे हा वार्षिक दाखला. इंग्रजीत त्यास ‘सर्टिफिकेट ऑफ एंटायटलमेंट’ म्हणतात. आपण हक्काचा दाखला म्हणू.

‘जीवन प्रमाण’ ही आपल्या देशातील व्यवस्था आहे. २०१४ साली ती सुरू झाली. आधार क्रमांकावर चालते आणि देशातील निवृत्तिवेतन देणाऱ्या कार्यालयांपर्यंत पोहोचते. न्यूयॉर्कपर्यंत ती पोहोचत नाही. ज्या घरात दोन्ही वेतने येतात, त्या घराने दोन्ही दाखले निरनिराळे दिले पाहिजेत.

कागदी दाखला साधारणपणे मेअखेरीस रवाना होतो. त्यावर त्या वर्षापुरते पट्ट्यांचे चिन्ह छापलेले असते, म्हणून मागल्या वर्षीच्या कागदाची नक्कल चालत नाही. सही स्वहस्ते, शाईने आणि निधीच्या दप्तरी असलेल्या नमुन्यासारखीच करावी. ज्यांनी पूर्वी देवनागरीत सही दिली असेल त्यांनी आता हौसेने इंग्रजीत करू नये. हात थरथरतो म्हणून सही बदलली असेल, किंवा अंगठाच द्यावा लागत असेल, तर तो अधिकारी व्यक्तीसमोर देऊन साक्षांकित करून घ्यावा. घरातील मुलाने किंवा सुनेने सदिच्छेने केलेली सही म्हणजे घोटाळ्याचे मूळ. दाखला आलाच नाही, तर निधीच्या संकेतस्थळावरील आपल्या खात्यातूनही तो काढता येतो. वर्षअखेरीपर्यंत तो पोहोचला नाही, तर पुढील वर्षी वेतन थांबते. थांबलेले वेतन दाखला पोहोचल्यावर मागील बाकीसह मिळते, हे खरे. परंतु मधले महिने कसे काढायचे, हे ज्याचे त्यालाच ठाऊक.

वार्ता

दूरध्वनीवरून दाखला देण्याची सोय २०२१ साली सुरू झाली. प्रथम एकदा नोंदणी करावी लागते आणि आपली ओळख पटवून द्यावी लागते. त्यानंतर दरवर्षी स्मार्टफोनपुढे आपला चेहरा धरला की काम होते. टपालाची वाट पाहणे नको. एकेकाळी आम्ही चित्र दाखवून चेहऱ्यावरचा रोग ओळखण्यास सांगत असू. आता हातातले यंत्र आमचाच चेहरा ओळखते. ही सोय उत्तम आहे, परंतु सक्तीची नाही. ज्यांना ती जमत नाही त्यांनी कागदाची वाट खुशाल धरावी. मात्र दोन्हींपैकी एक नेटाने धरावी.

दुसरी वार्ता काळजीची. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला, आणि त्या वर्षी जिनेव्हासह अनेक कार्यालयांतून खर्चास व पदांस कात्री लागली. तेव्हापासून ‘आपले वेतन बुडणार काय?’ असे विचारणारी पत्रे येतात. यासंबंधी एवढे ध्यानी घ्यावे, की निवृत्तिवेतन निधीची मालमत्ता संघटनांच्या वार्षिक अंदाजपत्रकापासून वेगळी ठेवलेली असते. आपण सेवेत असताना पात्र वेतनाचे ७.९ टक्के आपण भरले आणि १५.८ टक्के संघटनेने. त्या ठेवीतून व तिच्या गुंतवणुकीतून आजचे वेतन येते. संघटनेची तिजोरी हलकी झाली म्हणून आपल्या हाती पडणारा आकडा दुसऱ्या दिवशी कमी होत नाही. सेवेत असलेल्या तरुण सहकाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, ते दुःख मात्र खरे आहे. कोणी ओळखीचा परत आला असेल तर त्यास जेवावयास बोलवावे. सल्ला मागेल तेव्हाच द्यावा.

तिसरी वार्ता दोन मार्गांविषयी. आपले वेतन मुळात डॉलरमध्ये ठरते. जो निवृत्त दुसऱ्या देशात कायम राहतो त्यास, रहिवासाचा पुरावा देऊन, स्थानिक चलनाचाही हिशेब मागता येतो. मग दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालतात आणि नियमांच्या वरच्या व खालच्या मर्यादांत रक्कम ठरते. रुपयाचा भाव पडता असताना केवळ डॉलरवर राहणेच अनेकांना सोयीचे वाटले आहे. परंतु प्रत्येकाचा सेवाकाल व निवृत्तीचे वर्ष निराळे. एकदा दुसरा मार्ग पत्करला की सहजासहजी मागे येता येत नाही, म्हणून निधीकडून दोन्ही आकडे लेखी मागवावेत आणि मगच ठरवावे.

प्रवास

मे ते जुलै हे आपल्या मंडळींचे लेकरांकडे जाण्याचे दिवस. कोणी कॅनडास, कोणी लंडनला. नातवंडांच्या सुट्या तेव्हाच पडतात. आणि दाखल्याचा लिफाफा येण्याचेही दिवस तेच! घराला कुलूप, पोस्टमन लिफाफा दारातून आत सारून जातो, आणि परतल्यावर तो दिवाळीच्या जाहिरातींसमवेत रद्दीत निघून जातो. प्रवासास निघण्यापूर्वी शेजाऱ्यास किंवा भाचरास टपाल पाहण्यास सांगून ठेवावे. दूरध्वनीवरील सोय असेल तर ती जाण्यापूर्वीच लावून घ्यावी. स्थानिक चलनाचा मार्ग घेतलेल्यांनी दाखला राहत्या देशातूनच द्यावा, कारण त्यांच्या बाबतीत ठिकाणही पाहिले जाते.

विमान चार तासांहून अधिक लांबचे असेल, तर पायांतील नीलेत रक्त गोठण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसून आले. मुळात हा धोका फार मोठा नाही; सुमारे सहा हजारांत एक. परंतु वय, लठ्ठपणा, पूर्वीची गाठ किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांनी तो वाढतो. खुर्चीत बसल्या बसल्या घोटे फिरवावेत, पोटऱ्या आवळाव्यात व सोडाव्यात, दर तास-दोन तासांनी उठून चार पावले टाकावीत. परतल्यावर एकच पाय सुजला, दुखू लागला, किंवा अचानक दम लागला, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपून न राहता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी.

औषधे नेहमी हातातील पिशवीत असावीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, आणि तीवर औषधाचे मूळ नाव. कारण कंपनीचे नाव देशागणिक बदलते. इन्सुलिन विमानाच्या मालकक्षात टाकू नये. तेथील थंडीने ते गोठून निकामी होऊ शकते.

आफ्रिकेत सेवा केलेल्यांस जुन्या ओढीने पुन्हा तेथे जावेसे वाटते. त्यांच्यासाठी एक चांगली गोष्ट. पीतज्वराच्या लसीचा दाखला पूर्वी दहा वर्षेच चाले. ११ जुलै २०१६ पासून तो जन्मभर ग्राह्य धरला जातो, आणि हा नियम जुन्या दाखल्यांसही लागू आहे. ब्राझाव्हिलला जाताना मिळालेले माझे पिवळे पुस्तक मी कालबाह्य समजून टाकणारच होतो. आता ते पारपत्राशेजारी ठेवले आहे. ज्यांचे हरवले आहे त्यांनी मात्र विचार करावा. साठीनंतर ही लस प्रथमच घेताना गंभीर दुष्परिणामांचा संभव तरुणांपेक्षा अधिक असतो, म्हणून तज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावाचून ती टोचून घेऊ नये. आपल्या देशात पीतज्वर नाही, परंतु तो पसरवणारा डास आहे. त्यामुळे पीतज्वराच्या देशांतून सहा दिवसांच्या आत येथे येणाऱ्याजवळ दाखला नसेल तर त्यास सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवतात. यात अधिकाऱ्यांशी हुज्जत घालण्याचे कारण नाही. हा नियम आपल्याच नातवंडांच्या रक्षणासाठी आहे.

आणखी एक. तेथून परतल्यावर तीन महिन्यांत ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगावे, “मी आफ्रिकेतून आलो आहे.” तेथील घातक हिवताप काही दिवसांत जीव घेऊ शकतो. ‘आम्ही तेथे वर्षानुवर्षे राहिलो, आम्हाला काय होते!’ हा भ्रम आहे. जी काही प्रतिकारशक्ती अंगी आली असेल ती येथे परतल्यावर केव्हाच ओसरली.

प्रकृती

वहिनींच्या गोळीकडे पुन्हा येतो. रक्तदाब हा बिनआवाजाचा रोग आहे. डोके दुखत नाही म्हणून तो उतरला असे नव्हे, आणि बरे वाटते ते अनेकदा गोळीमुळेच. एक दिवसाआड गोळी म्हणजे अर्धे औषध नव्हे. तो दाबाचा चढउतार आहे. काही प्रकारच्या गोळ्या तर एकाएकी बंद केल्यास दाब उसळतो. पैशाची अडचण असेल तर गोळी कमी न करता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. त्याच गुणाची स्वस्त गोळी बहुधा असते, आणि जनऔषधी केंद्रांतून मूळ नावाने ती पुष्कळ कमी किमतीत मिळते. अडचण सांगण्यात कमीपणा नाही. न सांगण्याची किंमत मात्र शरीर मोजते.

निवृत्तांच्या आरोग्यविम्याविषयीही थोडे. संघटनागणिक योजना निराळ्या, मुदती निराळ्या. परंतु सर्वत्र सारखी गोष्ट अशी, की रुग्णालयाचे बिल बाबवार असावे, त्यावर रुग्णाचे नाव, तारीख व उपचार स्पष्ट असावे, आणि मूळ पावत्या सांभाळाव्यात. ‘औषधे : इतके रुपये’ अशी एका ओळीची पावती परत येते. मोठ्या उपचारापूर्वी पूर्वसंमती लागते काय, हे दाखल होण्याआधी विचारावे. यजमानांच्या पश्चात, योजनेत आधीपासून समाविष्ट असलेल्या जोडीदारास विमा पुढे चालवता येतो. मात्र त्यासाठी कळवावे लागते. तो आपोआप चालेल असे गृहीत धरू नये.

ज्यांना असा विमा नाही त्यांनी ध्यानात ठेवावे, की २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षे व त्यावरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण उपलब्ध झाले. देवासच्या वहिनींचे कार्ड आम्ही त्याच फेरीत काढून घेतले.

एक वही

त्या दिवशी देवासहून परतलो तो रात्री जेवताना पत्नीस विचारले, “माझ्यामागे तुम्ही काय कराल? न्यूयॉर्कला कोणास लिहायचे, ठाऊक आहे?” तिने वाढता वाढता हात थांबवला आणि म्हणाली, “अहो, तुम्ही कधी सांगितलंत?” पंचावन्न वर्षांच्या संसारात मी तिला ब्राझाव्हिलच्या बाजारातील भाव सांगितले, जिनेव्हातील साहेबांचे स्वभाव सांगितले, स्वतःचा निवृत्तिवेतन क्रमांक सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. त्यात तिच्याच हस्ताक्षरात, मराठीत, पुढील गोष्टी लिहून काढल्या. प्रत्येक घराने तसे करावे, अशी माझी विनंती आहे :

१. निवृत्तिवेतन क्रमांक, निधीचा पत्ता, आणि दप्तरी असलेली दोघांची नावे, अक्षर न् अक्षर तशीच.

२. वेतन कोणत्या बँकेत, कोणत्या तारखेच्या सुमारास येते. सलग दोन महिने आले नाही तर कोणास कळवायचे.

३. मृत्यूचा व विवाहाचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा, पारपत्रे. यांतील काय कोणत्या कप्प्यात आहे.

४. आरोग्यविम्याचा क्रमांक आणि बिले पाठवण्याचा पत्ता व मुदत.

५. दरवर्षीचा हक्काचा दाखला केव्हा आला, केव्हा पाठवला, पावती कोठे आहे.

६. दोघांची रोजची औषधे, मूळ नावासह, आणि डॉक्टरांचे नाव.

७. आपल्या गावातील किंवा जवळच्या शहरातील दोन जुन्या सहकाऱ्यांची नावे, ज्यांना संकोच न करता केव्हाही विचारता येईल.

यांतील सातवे कलम सर्वांत महत्त्वाचे, असे आता मला वाटते. वहिनींजवळ कागद होता, लिफाफा होता, पत्ताही होता. नव्हते ते एवढेच, की ‘हे काय आहे हो?’ असे विचारता येईल असे दार. मी स्वतःला ते दार समजत होतो; परंतु वर्षभर मी तिकडे फिरकलो नव्हतो, आणि संकोच करणाऱ्या माणसाच्या बाजूने ते दार बंदच होते.

म्हणून या महिन्यात वाचकांकडे एक काम मागतो. आपल्या ओळखीत जे सहकारी गेले, त्यांच्या पत्नी किंवा यजमान कोठे राहतात ते आठवा. इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद, बेळगाव, पणजी. प्रत्येक गावी अशी दोन-चार घरे निघतील. जूनअखेरीपर्यंत एकदा त्यांच्याकडे जा. दूरध्वनीवर ‘सर्व ठीक आहे’ असेच उत्तर मिळते, म्हणून प्रत्यक्ष जा. चहा घ्या, लिफाफा आला काय ते विचारा, आणि गोळ्या रोज घेता काय, हेही विचारा. दाराला कुलूप दिसले तर माझ्या स्नेह्यांचे बोल आठवा आणि पुन्हा जा.

देवासच्या वहिनींचा यंदाचा दाखला अद्याप यावयाचा आहे. तो आला की त्या मला कळवणार आहेत, आणि त्या विसरल्या तर जूनच्या पहिल्या रविवारी मी जाणार आहे. वहीत तसे लिहून ठेवले आहे.

आपली पत्रे नेहमीप्रमाणे मासिकाच्या पत्त्यावर यावीत. पुढील अंकी, परदेशी सेवेत असताना जन्मलेल्या मुलांच्या जन्मदाखल्यांविषयी व पारपत्रांविषयी आलेल्या प्रश्नांचा विचार करू.

कळावे, लोभ असावा.